हर्नियाचं ऑपरेशन झालं, आता विरार लोकल कधी? घरी बरं होतानाचे सहा आठवडे, सोप्या भाषेत

नालासोपारा पूर्वेला चौथ्या मजल्यावर घर, इमारतीला लिफ्ट नाही, पाणी ठरावीक वेळेलाच येतं आणि नोकरी अंधेरीला किंवा थेट चर्चगेटला. वसई-विरारमधल्या असंख्य कुटुंबांचा रोजचा दिवस असाच असतो. अशा घरातल्या कमावत्या माणसाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी त्याला घरी सोडतात. हातात डिस्चार्ज कार्ड असतं आणि त्यावर बहुतेक वेळा दोनच ओळी असतात: जड वजन उचलू नये, आठ दिवसांनी दाखवायला यावे.

खरे प्रश्न घरी आल्यावर सुरू होतात. जड म्हणजे नेमकं किती? पाण्याने भरलेली बादली जड की हलकी? जिना चढायचा का? खोकला आला तर टाके तुटतील का? शेजारी सांगतात, तीन महिने अंथरुणातून उठू नका. ऑफिसमधला सहकारी सांगतो, मी तर पाचव्या दिवशी कामावर होतो. या दोन टोकांमध्ये माणूस गोंधळतो. एका टोकाला घरातला पगार थांबतो, तर दुसऱ्या टोकाला घाई करून त्रास ओढवून घेण्याची भीती असते.

पोटात नेमकं काय केलेलं असतं?

पोटाच्या पुढच्या बाजूला स्नायूंची भिंत असते. ती एखाद्या जागी कमकुवत झाली की आतली चरबी किंवा आतड्याचा भाग तिथून बाहेर डोकावतो आणि फुगवटा दिसतो. यालाच हर्निया म्हणतात. जुना मराठी शब्द अंतर्गळ. तो जांघेत होतो, बेंबीत होतो किंवा सिझेरियनसारख्या जुन्या ऑपरेशनच्या व्रणावरही होतो. जांघेतला हर्निया सर्वांत जास्त आढळतो. साधारण चारपैकी एका पुरुषाला आयुष्यात कधी ना कधी तो होतो. बायकांमध्ये हे प्रमाण बरंच कमी आहे.

ऑपरेशनमध्ये बाहेर आलेला भाग आत ढकलतात आणि कमकुवत जागा मजबूत करतात. पूर्वी दोन्ही बाजूंचे स्नायू ओढून शिवत. इटलीच्या एदोआर्दो बासिनी यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत रूढ केली. पण ओढून शिवलेल्या जागेवर ताण राहायचा. दुखायचं जास्त, आणि हर्निया परत येण्याचं प्रमाणही जास्त होतं. १९८०च्या दशकात अमेरिकेतले सर्जन आयर्विंग लिक्टेनस्टाईन यांनी स्नायू न ओढता वरून जाळी लावण्याची पद्धत लोकप्रिय केली. आज बहुतेक मोठ्या माणसांमध्ये जाळीच वापरतात, मग ऑपरेशन चिरा देऊन झालेलं असो वा दुर्बिणीतून.

या जाळीच्या गोष्टीत महाराष्ट्राचंही एक पान आहे. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी बाजारातल्या महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेलं मच्छरदाणीचं कापड वापरून हर्नियाची ऑपरेशनं केली. त्यांचा आणि सहकाऱ्यांचा हा अनुभव २००३ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे युगांडामध्ये अशा स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी तुलना करणारी चाचणी झाली. २०१६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा एका वर्षानंतर दोन्ही गटांत मोठा फरक दिसला नव्हता. गावातल्या गरीब रुग्णाला परवडेल असा उपाय शोधताना सुरू झालेलं काम जगाच्या चर्चेत गेलं.

घरी बरं होण्याशी या सगळ्याचा संबंध काय? जाळी बसवली त्या क्षणापासून ती आधार देत असते. पुढच्या आठवड्यांत शरीराची स्वतःची ऊती जाळीच्या छिद्रांमधून वाढत जाते आणि जागा पक्की होते. त्यामुळे साध्या हालचालीने, जिना चढल्याने किंवा एका शिंकेने जाळी निसटत नाही. मात्र सुरुवातीलाच मोठा ताण वारंवार दिला, तर दुखणं वाढतं आणि बरं होणं लांबतं.

झोपून राहायचं की चालायचं?

चालायचं. तेही पहिल्याच दिवसापासून.

कॅनडातलं शोल्डाइस हॉस्पिटल १९४५ पासून हर्नियाच्या ऑपरेशनसाठी ओळखलं जातं. ऑपरेशननंतर रुग्णाला लवकरात लवकर उठवून चालायला लावणं ही तिथली खासियत. ज्या काळात हर्नियाच्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे पलंगावर ठेवत, त्या काळात ही गोष्ट उलटी वाटायची. आज जगभर हेच मानलं जातं. पडून राहिल्याने पायांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो, फुप्फुसं नीट फुलत नाहीत आणि पोट साफ होत नाही.

जांघेच्या हर्नियाबद्दल २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं तर आणखी पुढे जातात. जमेल तसं, जमेल तितक्या लवकर नेहमीच्या हालचाली सुरू कराव्यात, आणि बहुतेकांना तीन ते पाच दिवसांत ते जमतं, असं त्यांत म्हटलं आहे. पण याचा अर्थ पाचव्या दिवशी सिमेंटची गोणी उचलावी असा नाही. नेहमीच्या हालचाली म्हणजे चालणं, बसणं-उठणं, स्वतःची कामं स्वतः करणं.

हे सगळं साध्या जांघेच्या हर्नियासाठी आहे. पोटावरचा मोठा हर्निया, जुन्या व्रणावरचा हर्निया, दुसऱ्यांदा झालेलं ऑपरेशन किंवा आतडं अडकल्यामुळे तातडीने झालेलं ऑपरेशन असेल, तर बरं व्हायला जास्त वेळ लागतो. तिथे सर्जनने सांगितलेलं वेळापत्रकच पाळायचं.

पहिले तीन दिवस

भूल उतरल्यानंतरचे पहिले चोवीस तास घरात कुणीतरी मोठं माणूस सोबत हवं. या काळात गाडी चालवू नये, गॅसजवळ एकट्याने काम करू नये आणि महत्त्वाच्या कागदांवर सह्या करू नयेत.

चौथ्या मजल्यावर घर असेल, तर जिना चढायला हरकत नाही. कठड्याला धरून, एकेक पायरी, मध्ये थांबत चढायचं. दिवसातून चार वेळा खाली-वर करण्याची गरज पडू नये, म्हणून औषधं, दूध, भाजी आधीच घरात आणून ठेवलेली बरी.

पलंगावरून उठताना सरळ उठून बसू नये, त्याने पोटावर ताण येतो. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताने रेटा देत उठायचं. खोकला, शिंक किंवा हसू आलं तर तळहात किंवा छोटी उशी टाक्यांवर हलकेच दाबून धरायची. त्याने दुखणं बरंच कमी होतं.

दुखण्याच्या गोळ्या सुरुवातीचे दोन-तीन दिवस सांगितलेल्या वेळी घ्याव्यात. 'सहन होतंय तोवर नको' म्हणून थांबलं, तर दुखणं वाढतं, माणूस हालचाल टाळतो आणि पुढचं सगळं बिघडतं. एक काळजी मात्र घ्यायची. पॅरासिटामॉल सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांमध्येही असतं, त्यामुळे नकळत दुप्पट डोस होऊ शकतो. मूत्रपिंडाचा आजार किंवा पोटात अल्सर असेल, तर मेडिकलमधून स्वतःहून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद किंवा सुरू करणं हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

काय दिसलं तर घाबरू नये

जांघेच्या ऑपरेशननंतर आसपासची त्वचा काळी-निळी पडते. पुरुषांमध्ये हा रंग अंडकोषापर्यंत उतरतो आणि तिथे थोडी सूजही येते. पाहून धस्स होतं, पण एक-दोन आठवड्यांत ते ओसरतं. आधार देणारी घट्टसर चड्डी घातली की बरं वाटतं.

टाक्यांखाली दोरीसारखा कडक भाग हाताला लागतो. तो बऱ्या होणाऱ्या जखमेचा भाग असतो आणि हळूहळू मऊ पडतो. कधी पूर्वीच्याच जागी पाण्याने भरलेला फुगवटा येतो आणि हर्निया परत आला अशी भीती वाटते. बहुतेक वेळा ते शरीराने जमवलेलं पाणी असतं आणि काही आठवड्यांत आपोआप जिरतं. स्वतः दाबून किंवा सुई टोचून ते काढायचं नाही. पुढच्या तपासणीत दाखवायचं. व्रणाभोवती बधिरपणा असतो, तो काही महिने राहू शकतो. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर पोटात भरलेल्या वायूमुळे एक-दोन दिवस खांदा दुखतो, तेही नेहमीचंच.

पोट साफ होणं हाच खरा व्यायाम

ऑपरेशननंतर सर्वांत जास्त हाल होतात ते संडासला जोर करण्याने. भूल, कमी हालचाल आणि ट्रॅमाडॉलसारखी काही वेदनाशामकं यांमुळे बद्धकोष्ठता होते. उपाय साधे आहेत: भरपूर पाणी, पालेभाज्या, पपई, डाळी, भाकरी. वसईच्या वाडीतली केळी घरात असतातच. तरीही दोन-तीन दिवस पोट साफ झालं नाही, तर डॉक्टरांना विचारून इसबगोल किंवा सौम्य रेचक घ्यावं. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसताना दुखत असेल, तर काही दिवसांसाठी कमोडची खुर्ची भाड्याने मिळते.

'भात खाल्ला की टाक्यांत पाणी होतं', 'वांग्याने जखम पिकते', 'मासळी नकोच' असं घरोघरी ऐकू येतं. जखम पिकते ती जंतुसंसर्गाने. भात किंवा वांगं खाल्ल्याने पिकत नाही. उलट जखम भरायला प्रथिनं लागतात, म्हणून डाळ, अंडी, दही आणि मासळी खायला हवी. फार तिखट-तेलकट टाळलं तर पोट शांत राहतं, इतकंच. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवणं हे कुठल्याही पथ्यापेक्षा महत्त्वाचं, कारण वाढलेल्या साखरेने जखम चिघळते.

विडी-सिगारेटचं नुकसान दुहेरी आहे. खोकल्याने पोटावर झटके बसतात आणि जखम भरण्याचा वेग मंदावतो. दारू आणि वेदनाशामक गोळ्या एकत्र घेणं तर धोक्याचंच.

आंघोळ, घाम आणि पावसाचं पाणी

बहुतेक ठिकाणी एक-दोन दिवसांनी अंगावरून पाणी घ्यायला परवानगी मिळते, पण पट्टी कोणती आहे यावर ते ठरतं. जखम चोळायची नाही, नंतर स्वच्छ कापडाने टिपून कोरडी करायची. हळद, पावडर, तेल, जुनं मलम काहीही लावायचं नाही. टाके विरघळणारे नसतील, तर साधारण सात ते दहा दिवसांनी काढतात.

किनाऱ्याजवळच्या दमट हवेत जांघेत घाम साठतो. सैल सुती कपडे आणि दिवसातून दोनदा कोरडी चड्डी एवढं सांभाळलं तरी पुरतं. जखम पूर्ण भरेपर्यंत समुद्रात किंवा अर्नाळा, राजोडी, कळंबच्या रिसॉर्टच्या तलावात उतरायचं नाही.

पावसाळ्यात वसई, नालासोपाऱ्याच्या सखल भागांत पाणी साचतं. ताजी जखम घेऊन त्यातून चालणं टाळायलाच हवं. अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखे आजार होतात आणि जंतूंना शरीरात शिरायला उघडी जखम पुरते. जावंच लागलं, तर घरी येऊन स्वच्छ पाण्याने धुऊन, जखम कोरडी करून डॉक्टरांना तसं कळवावं.

'जड' म्हणजे किती किलो?

बरेच सर्जन सुरुवातीच्या आठवड्यांत चार-पाच किलोपर्यंतच परवानगी देतात आणि खरं जड काम चार ते सहा आठवड्यांनी सुरू करायला सांगतात. रोजच्या वस्तूंत याचा हिशोब असा:

• दोन लिटर पाण्याच्या दोन बाटल्या: चार किलो. चालेल.
• अर्धी भरलेली बादली: सात-आठ किलो. सुरुवातीला नको.
• पाण्याचा वीस लिटरचा जार: वीस किलो. चार ते सहा आठवडे नाही.
• घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर: आतला गॅसच १४.२ किलो, टाकीसह जवळपास तीस किलो. नाहीच.
• दोन-तीन वर्षांचं मूल: बारा-चौदा किलो. उचलून घेण्याऐवजी खाली बसून जवळ घ्यायचं.

वाडीत पाणी देणारा शेतकरी, भाजीची टोपली घेऊन जाणारी बाई, बोटीवर जाळं ओढणारा कोळी, बांधकामावरचा मजूर, सगळ्यांसाठी ही यादी आणखी महत्त्वाची आहे. त्यांचं कामच वजनाचं असतं आणि रजेचा पगार मिळत नाही. म्हणून ऑपरेशन ठरवतानाच दीड महिन्याची सोय पाहिलेली बरी. तातडीचं नसेल, तर हंगाम पाहून तारीख घेता येते का हे डॉक्टरांना विचारता येतं. परत कामाला लागल्यावर पहिले दिवस अर्धी टोपली, दोघांनी मिळून ओढायचं, अशी सुरुवात करावी.

घरातल्या बाईचं ऑपरेशन असेल तर एक गोष्ट हमखास घडते. ती तिसऱ्या दिवशी ओट्यापाशी उभी दिसते. उभ्याने हलका स्वयंपाक करायला हरकत नाही. पण पाणी भरणं, कपडे पिळणं, खाली बसून लादी पुसणं ही कामं सहा आठवडे घरातल्या इतरांनी वाटून घ्यायची आहेत.

लोकल, दुचाकी आणि बाकीचं

बैठं काम असेल, तर बहुतेकांना एक ते दोन आठवड्यांत कामावर जाता येतं. वसई-विरारकरांची अडचण मात्र खुर्चीपर्यंत पोहोचण्याची असते. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर आहे, आणि सकाळच्या गर्दीत समोरच्याची बॅग आणि मागच्याचं कोपर नेमकं पोटावर येतं. म्हणून दोन आठवड्यांनी ऑफिसला जायला शरीर तयार असलं, तरी गर्दीच्या लोकलला ते तयार असेलच असं नाही. शक्य असेल तर आणखी आठवडाभर घरून काम, उशिराची वेळ किंवा विरारहूनच सुटणाऱ्या गाडीत बसून प्रवास. चालती गाडी पकडणं आणि दारात लटकणं तर एरवीही जिवावरचंच. ऑफिसला डॉक्टरांच्या चिठ्ठीत 'विश्रांती'सोबत 'वजन उचलू नये, गर्दीच्या वेळेचा प्रवास टाळावा' असं स्पष्ट लिहून घेता येतं.

गाडी चालवण्याची कसोटी सोपी आहे. अचानक, जोरात ब्रेक दाबताना दुखणार असेल किंवा पाय अडखळणार असेल, तर अजून वेळ आहे. झोप आणणाऱ्या गोळ्या चालू असतानाही गाडी नाही. किक मारून सुरू होणारी दुचाकी आणि खड्ड्यांचा रस्ता यांसाठी थोडं जास्त थांबावं.

शरीरसंबंधांबद्दल विचारायला लोक लाजतात. दुखत नसेल तेव्हा, साधारण एक-दोन आठवड्यांनंतर, ते सुरू करता येतात.

सूर्यकुमार तर मैदानात उतरला होता!

क्रिकेटपटू सूर्यकुमार यादवचं जानेवारी २०२४ मध्ये जर्मनीत ऑपरेशन झालं आणि एप्रिलमध्ये तो आयपीएलमध्ये खेळला. जून २०२५ मध्ये त्याचं आणखी एक ऑपरेशन झालं. बातम्यांत शब्द होता 'स्पोर्ट्स हर्निया'. नावात हर्निया असला तरी हा वेगळा प्रकार आहे. यात आतडं बाहेर येत नाही, बहुधा फुगवटाही नसतो. जांघेतले स्नायू आणि त्यांचे बंध फाटलेले असतात. शिवाय खेळाडूबरोबर दिवसभर फिजिओथेरपिस्ट असतो. तरीही त्याला मैदानात यायला अडीच महिन्यांहून जास्त लागले. त्यामुळे त्याच्या रीलवरून आपल्या जिमची तारीख ठरवू नये. जिममध्ये वजनं उचलणं सर्जनच्या परवानगीनंतरच, आणि तेही कमी वजनापासून.

कधी लगेच हॉस्पिटल गाठायचं?

• १०० अंश फॅरनहाइटच्या वर ताप किंवा थंडी वाजून येणं
• जखमेतून पू, वाढती लाली, दुर्गंधी किंवा न थांबणारं रक्त
• गोळ्या घेऊनही वाढत जाणारं दुखणं
• लघवी न होणं. विशेषतः वय जास्त असलेल्या पुरुषांमध्ये
• अंडकोष अचानक खूप सुजणं किंवा तीव्र दुखणं
• वारंवार उलट्या, पोट फुगणं, शौच व वायू दोन्ही बंद होणं
• एका पायाची पोटरी सुजून दुखणं, छातीत दुखणं किंवा दम लागणं

शेवटच्या दोन गोष्टींत सकाळची वाट पाहायची नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची. ऑपरेशन मुंबईत झालेलं असलं, तरी मुंबई-अहमदाबाद महामार्गावरच्या कोंडीत तास घालवण्याऐवजी आधी जवळच्या हॉस्पिटलमध्ये जाऊन, तिथून ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांशी बोलणं सुरक्षित. वसईत महापालिकेचं सर डी. एम. पेटिट रुग्णालय आहे, नालासोपाऱ्यात तुळींजचं रुग्णालय आहे. डिस्चार्ज कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्यावा.

सहा आठवड्यांनंतर

बहुतेक लोक सहा आठवड्यांत पूर्ववत होतात. काहींना मात्र जांघेत दुखणं रेंगाळतं. साधारण दहातल्या एकाला तीन महिन्यांनंतरही थोडंफार दुखतं. रोजच्या कामात अडथळा येईल इतकं दुखणाऱ्यांची संख्या त्याहून खूप कमी असते. 'आता असंच चालायचं' म्हणून ते सोसत बसू नये, त्यावर उपचार आहेत. हर्निया परत येण्याची शक्यता जाळीमुळे कमी झाली आहे, पण शून्य नाही. जुना खोकला, बद्धकोष्ठता, लघवीला जोर करावा लागणं, वाढलेलं वजन ही मूळ कारणं राहिली, तर पोटावरचा दाब तसाच राहतो. त्यांवरचे उपचारही सोबत व्हायला हवेत.

हॉस्पिटलमधून निघण्यापूर्वी डॉक्टरांना पाच प्रश्न विचारून उत्तरं कार्डावरच लिहून घ्यावीत: जाळी लावली आहे का, टाके काढायचे आहेत का, आंघोळ कधी, किती किलो वजन किती आठवडे नाही, आणि रात्री त्रास झाला तर फोन कोणाला करायचा. एवढं हाताशी असलं, की शेजाऱ्यांचे तीन महिने आणि सहकाऱ्याचे पाच दिवस, दोन्ही बाजूला ठेवता येतात.